अठरा सुतांचं अंडं

देवासला आत्याकडे मी एक वर्ष आणि दोन महिने राहिलो. तिथे काय केलंस असं कुणी विचारलं, तर आजवर मी "खराद शिकलो" एवढंच उत्तर देत आलो आहे. खराद म्हणजे लाकूड फिरवत कातायचं यंत्र. उत्तर खरं आहे, पण पुरं नाही. आता माझं वय बावन्न. एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासण्याचं काम करतो. दिवसाला दोनशे-अडीचशे नग हाताखालून जातात. नवीन पोरं कामावर आली की मी त्यांना आधी नग हातात धरायला लावतो, मोजायला नंतर. त्यांना ते विचित्र वाटतं. कारण विचारलं तर मी टाळतो, कारण ती हकिकत लांबलचक आहे आणि तिच्यात आत्या येते. इथे ती लिहून ठेवतो. माझी मुलगी मराठी चांगलं बोलते, पण वाचताना दर ओळीला दोनदा अडखळते, त्यामुळे तिला हे मलाच वाचून दाखवावं लागेल.

आई गेली त्याच वर्षी मी बारावी झालो. तिच्या आजारपणात आयटीआयचा फॉर्म भरायची तारीख निघून गेली, म्हणजे एक वर्ष रिकामं. बाबांची बदली धारहून नालछ्याला झाली होती. तिथे ब्लॉकच्या ऑफिसात ते कारकून होते आणि दुसऱ्या एका कारकुनाबरोबर एका खोलीत राहत. ती खोली मी पावलांनी मोजली होती: साडेआठ फूट बाय दहा फूट. दोन खाटा, एक स्टोव्ह, एक ट्रंक. तिसरी खाट टाकली तर दार उघडत नव्हतं. धारचं भाड्याचं घर आम्ही सोडलं. आईची मोठी भांडी आत्याकडे गेली, आणि पंधरा दिवसांनी त्याच वाटेने, धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास, मीही गेलो. मला परत जायला जागा नव्हती, हे इथे स्पष्ट लिहितो. पुढे जे झालं त्यात माझी सगळी भीती या एकाच गोष्टीची होती.

आत्या बाबांची थोरली बहीण, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. तिला मूल नव्हतं. आतोबांचे आजोबा देवासच्या दोन गाद्यांपैकी धाकट्या पातीच्या दरबारात कारकून होते. आतोबा स्वतः वीज खात्यातून निवृत्त झालेले. घर तीन खोल्यांचं, मागे फरशीचं आंगण आणि आंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या दाराची न्हाणी. आतोबांना एका कानाने ऐकू येत नसे आणि दुसरा कान ते रेडिओला लावून बसत. आत्या पहाटे उठायची. मला जाग यायची ती बंबात लाकूड सारल्याच्या आवाजाने, मग घागरीचा आवाज, मग देवांची घंटा. घंटेनंतर टेकडीवरच्या भोंग्यावर आरती सुरू व्हायची आणि आतोबा म्हणायचे, "लागलं वाटतं." रोज हेच दोन शब्द. दुपारी वरण-भात, पोळी, एक भाजी, आणि गोड्या मसाल्याची आमटी, जिला धारला आईच्या हाताला यायचा तोच वास यायचा. तो वास मला पहिले काही दिवस सहन झाला नाही. रविवारी पोहे. पोह्यांवर शेव आणि जीरावनचा मसाला घालताना आत्या मराठी घरातली राहत नसे, पक्की माळव्याची होऊन जाई. थंडीत एखाद्या दिवशी बाफले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. खायला कमी कधीच पडलं नाही.

बोलायला पडलं. आत्या कठोर नव्हती, ती फक्त गरजेपुरतं बोलायची. कार्तिकात एका आठवड्यात मी मोजून पाहिलं. त्या सात दिवसांत माझ्याशी घरात अडतीस वाक्यं बोलली गेली, त्यांतली बावीस जेवणाबद्दल होती. उरलेल्या सोळांत दोन प्रश्न होते आणि दोन्ही एकच: "दार लावलंस ना?" हे मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने रेघा मारून मोजलं होतं. आज ते वाचून कुणी हसेल, पण अठराव्या वर्षी, आई नुकतीच गेलेली असताना, माणसाला काहीतरी मोजायला लागतं.

आत्याने मला उभं राहूनच दोन नियम सांगितले होते. "देव्हाऱ्याला अंघोळ केल्याशिवाय हात लावायचा नाही. बाहेरून आलास, तर पुन्हा अंघोळ." हा पहिला, मी आलो त्याच दिवशीचा. दुसरा तिने आठवड्याने सांगितला, आतोबांनी मला केशव मिस्त्रींकडे खराद शिकायला पाठवायचं ठरवलं तेव्हा. मिस्त्रींच्या आंगणात कोंबड्या होत्या हे तिला माहीत होतं. "चहा-पाणी घे त्यांच्याकडे, त्याला माझी ना नाही. पण त्या कोंबड्यांना आणि त्यांच्या त्याला हात लावायचा नाही. वचन दे." मी वचन दिलं. अंडं हा शब्द तिने तोंडातून काढला नाही.

केशव मिस्त्रींचं दुकान स्टेशन रस्त्याच्या मागच्या गल्लीत होतं. त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर दक्षिणेतून आलेले सुतार. त्यांच्या घरात मराठी टिकलं होतं, पण त्यात हिंदी आणि माळवी अशी मिसळली होती की वाक्य कुठल्या भाषेत संपेल ते सांगता येत नसे. दुकानात एकच खराद, मोटारीवर पट्ट्याने चालणारा. त्यावर खाटांचे पाय, लाटणी, भोवरे, पाळण्याच्या गजऱ्यांचे लाकडी मणी असं सगळं निघायचं. मोटार सुरू झाली की बोलणं अशक्य व्हायचं, आणि बंद झाली की मिस्त्री बोलायचे थांबत नसत.

"नाव काय?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"सुधीर."

"सुधीर भिया, बोटं किती आहेत?"

"दहा."

"मोजून सांग."

मी खरंच मोजली. आतून त्यांची बायको, जिला मी पुढे काकी म्हणू लागलो, ती खो खो हसली. मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "बरोबर. सहा महिन्यांनी परत मोजू. दहा भरली तर तू शिकला."

त्या आठवड्यात कॅलेंडरवरच्या रेघांचा मला विसर पडला. दुकानात मला दिवसभरात कमीत कमी वीस वेळा नावाने हाक मारली जायची, बहुतेक वेळा शिव्या देण्यासाठी. पण नावाने. संध्याकाळी घरी परतताना कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी मी उगाच थांबायचो, कारण तिथून पुढे मला सकाळपर्यंत कुणी सुधीर म्हणणार नव्हतं.

पहिले सोळा दिवस मी फक्त चौकोनी लाकडाचा गोल दांडा करत होतो. टेकणावर गोल पटाशी धरायची, फिरत्या लाकडाला हळूच लावायची आणि कोपरे उडवत जायचं. पटाशी जरा जास्त आत गेली की लाकूड तिला ओढून घेतं आणि हाताला खांद्यापर्यंत झटका बसतो. सतराव्या दिवशी मिस्त्रींनी आंब्याच्या लाकडाचे तीन तुकडे माझ्यापुढे ठेवले.

"आता अंडा बनव."

त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाची ही परीक्षा होती. काकीच्या कोंबड्या लाकडाच्या ढिगात कुठेही अंडी घालायच्या. टोपलीत एक लाकडाचं अंडं ठेवलं की कोंबडीला वाटायचं इथे घालायची जागा आहे, आणि ती तिथेच बसायची. टोपलीतली तीन लाकडी अंडी तीन जुन्या शिकणाऱ्यांनी केलेली होती, असं काकी सांगायची. मी ती लांबून पाहिली होती. पेंढ्यात रुतलेली असत, आणि वर बहुतेक वेळ कोंबडी असे.

"माप काय घेऊ काका?"

"माप?" मिस्त्रींनी मोटारीचं बटण बंद केलं, म्हणजे आता बोलणार होते. "अंड्याचं माप विचारतो! अरे, खाटेच्या पायाला माप असतं. अंडा हाताला माहीत असतो. समोर ठेवून बनवशील तर जेवढा दिसला तेवढाच बनेल. डोळे बंद कर, हाताला आठवू दे, बस. तीन तुकडे आहेत. तिसऱ्यात निघाला तर राहा माझ्याकडे. नाही निघाला तर भिया, तुझा वेळ का खराब करू, माझं लाकूड का खराब करू? तुझ्या आतोबांना सांगतो, पोराला टायपिंगला टाका."

माझ्या हाताला काहीच माहीत नव्हतं. आमच्या घरात अंडं कधी आलंच नाही. रस्त्यावर हातगाड्यांवर मी ती पाहिली होती, पण तिथे ती पुठ्ठ्याच्या खाचांत उभी असतात आणि वरून फक्त गोल टोक दिसतं. धरलेलं कधीच नव्हतं. ही गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती. पण काकी दारात उभी होती, बोटं मोजल्याचं हसू अजून ताजं होतं, आणि अठरा वर्षांच्या मुलाने आपण अंडं धरलेलं नाही हे कबूल करणं मला बोटं मोजण्याहून वाईट वाटलं. काकीच्या टोपलीतलं एक उचलून पाहणं दोन मिनिटांचं काम होतं. पण मी वचन दिलं होतं, आणि दिलेल्या शब्दाच्या बाबतीत मी तेव्हाही आत्तासारखाच होतो.

पहिला तुकडा पटाशीत अडकून उडाला आणि भिंतीला लागून फुटला. दुसऱ्याचं जे झालं ते पाहून मिस्त्री म्हणाले, "वांगं छान आहे. काकीला दे, भरून करेल." तिसरा तुकडा मी त्या दिवशी खरादाला लावला नाही. पोट बरं नाही असं सांगून जेवायला घरी आलो, आणि मिस्त्रींचा जाडी मोजायचा परकार खिशात घालून आलो.

आत्या जेवल्यावर पाऊण तास पडायची. आतोबा रेडिओपाशी घोरत होते. देव्हाऱ्यात पंचायतनात नर्मदेतला बाण, म्हणजे महादेवाचा लांबट गोटा होता, काळपट, गुळगुळीत. दुरून पाहिलेल्या अंड्याच्या आकाराची हात लावता येण्यासारखी एकच वस्तू मला माहीत होती, ती म्हणजे हा बाण. धारला आमच्या घरी असाच होता आणि मुंजीनंतर मी त्याला रोज स्नान घालत असे. माझ्या हाताला तो आठवत होता. पण आठवणीवर विसंबणं माझ्या स्वभावात नाही. मी बाण उचलला आणि मोजला. लांबी अठरा सूत, मधली जाडी तेरा सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच आलं. बाण पुसून होता तसा ठेवला, त्यावरचं बेलाचं पान होतं तिथे ठेवलं. सकाळची अंघोळ झालेली होती, पण मी दुकानातून आलो होतो. दुसरा नियम पाळण्यासाठी मी पहिला मोडला, हे मला तेव्हाच कळत होतं. हिशोब असा केला की नियम मोडल्याचं कुणाला कळणार नाही, पण अंडं चुकलं तर सगळ्यांना कळेल.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत माझं अंडं तयार होतं. पुठ्ठ्याचा साचा कापून घेतला होता, दर दोन सुतांवर जाडी तपासली होती. दोन्ही टोकांचे बुंधे करवतीने कापले, कानस मारली, काचकागद लावला. लांबी अठरा, जाडी तेरा. मी ते मिस्त्रींच्या हातावर ठेवलं. त्या शहरात आल्यापासून मी केलेली ती पहिली पूर्ण गोष्ट होती.

मिस्त्रींनी डोळे मिटून ते मुठीत धरलं. मूठ उघडली. उलटं करून पुन्हा धरलं. मग बाकावरच्या सपाट फळीवर ठेवून बोटाने हलका धक्का दिला. ते सरळ रेषेत घरंगळत गेलं आणि फळीवरून खाली पडलं.

"काकी, एक अंडा दे गं," त्यांनी आत हाक दिली. ते स्वतःही बायकोला काकीच म्हणायचे. काकीने दिलेलं अंडं त्यांनी त्याच फळीवर ठेवून तसाच धक्का दिला. ते थोडं पुढे गेलं, वळलं, अर्धगोल घेतला आणि थांबलं.

"याला एक बाजू जाडी असते, एक बारीक. म्हणून फिरतो, पळून जात नाही. तुझा दोन्ही बाजूंनी सारखा आहे. हाताने असा बनतच नाही भिया. हे कुठून तरी नापून आणलंस. कुठून?"

पोटदुखीचं एक खोटं आदल्या दिवशी सांगून झालं होतं, दुसरं जमेना. मी सांगितलं.

मोटार बंद होती. मिस्त्रींनी दोन्ही कानांना हात लावला. दारातून काकीचं हसू सुरू झालं होतं ते अर्ध्यावर थांबलं. "अरे देवा," ती म्हणाली, "कोंबडीखाली महादेव बसवत होता पोरगा!"

"चूप बैस," मिस्त्री तिला म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "तू कधी अंडा धरलाच नाही?"

"नाही."

"मग सांगायचं नाही का? मी विचारलं नाही, ही माझी चूक. तू सांगितलं नाही, ही तुझी." त्यांनी माझं लाकडी अंडं खालून उचललं, धोतराने पुसलं आणि उंच फळीवर ठेवलं, मग तिथूनही काढून माझ्या हातात दिलं. "हे मी कोंबडीखाली ठेवणार नाही आणि ढिगात पण टाकणार नाही. देवाचं माप आहे. घरी ने. आत्याला सगळं सांग, परकारापासून सगळं. ती काय म्हणते ते मला उद्या येऊन सांग. ती हो म्हणाली तर चौथा तुकडा देईन. न सांगता येऊ नको."

गिरणीपाशी मी त्या दिवशी पाऊण तास उभा होतो. आत्या काय करील याच्या मी तीन शक्यता मांडल्या. रागावून गप्प बसेल. माझं दुकानात जाणं बंद करील. बाबांना पत्र लिहील की तुझा मुलगा घेऊन जा. पहिली सर्वांत सोपी होती, पण गप्प बसणं तिथे आधीच इतकं होतं की त्यात भर कशी पडेल ते कळेना. तिसरी शक्यता मनात आली की नालछ्याची खोली डोळ्यांपुढे यायची, आणि तिसरी खाट टाकून न उघडणारं ते दार.

आत्या आंगणात हरभरा सोलत बसली होती. मी समोर उभा राहिलो आणि क्रमाने सांगितलं. तीन तुकडे, वांगं, परकार, दुपारची वेळ, अठरा सूत, तेरा सूत, फळी. लाकडी अंडं सुपापाशी ठेवलं. तिचे हात सोलत राहिले. माझं संपल्यावर ती म्हणाली, "विटाळाचा, पारोसा हात लागला तर देवांना पंचामृत घालतात. उद्या घालीन. त्यात काही एवढं नाही." मग ते लाकूड उचलून तिने पाहिलं. "आणि हे काही देव नव्हे. माप घेतल्याने लाकडाचा देव होत नाही. केशवला सांग, घाबरू नको म्हणावं." तिने ते शिवणाच्या डब्यात टाकलं. त्या थंडीत आतोबांचे लोकरीचे मोजे तिने त्याच्यावर चढवूनच रफू केले, आणि त्या कामाला ते अगदी बरोबर मापाचं निघालं.

मला वाटलं, झालं. मी आत जायला वळलो.

"बैस," ती म्हणाली.

मी बसलो. तिने उजव्या हाताची मूठ माझ्यापुढे धरली, अर्धवट मिटलेली, जणू आत काही आहे. "जाड बाजू इथे, तळहातात. बारीक बाजू इथे, अंगठ्याकडे येते. सर्वांत जाड मधोमध नसतं, जरा खाली असतं. असं." दुसऱ्या हाताच्या बोटाने तिने ती जागा दाखवली. मूठ सोडून तिने पुन्हा हरभऱ्याचा घाटा उचलला आणि बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

बाबा सहा वर्षांचे असताना त्यांना छातीचा आजार झाला होता. तापाने अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, चाळीस दिवस रोज एक, कच्चं, दुधातून. माझे आजोबा, ज्यांना ती तात्या म्हणायची, त्यांनी साफ नाही सांगितलं. आजीने काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने दहा वर्षांच्या आत्याला उठवलं आणि किल्ल्याच्या पलीकडे कोंबड्या पाळणाऱ्या एका बाईकडे पाठवलं. आत्या रोज एक परकराच्या ओच्यात लपवून आणायची. गोठ्यात एक फुटका कप ठेवला होता, त्यात आजी ते दुधात घोटायची आणि बाबांना औषध म्हणून पाजायची. तात्या फिरून यायच्या आत कप धुऊन जागेवर. "सदूला, तुझ्या बाबांना, अजून माहीत नाही," आत्या म्हणाली. "आई गेली, तात्या गेले. आता मलाच माहीत आहे. आणि तुला."

एवढ्या वर्षांत तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं, आतोबांनाही नाही. मी काहीतरी विचारायला हवं होतं. किमान, भीती वाटायची का, एवढं तरी. पण त्या घरात प्रश्न विचारायची मला सवय राहिली नव्हती, आणि ती सूप घेऊन उठली. बाबांना मी हे कधी सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही आपल्या पोटात कधी अंडं गेलेलं नाही अशीच त्यांची समजूत होती.

सकाळी मी निघताना आत्या दारापर्यंत आली. "आज धर हातात. मी सांगते म्हणून धर. आणि दुपारी आल्या आल्या आधी अंघोळ."

मी मिस्त्रींना आत्याचं म्हणणं शब्दशः सांगितलं. मोज्यांचं नंतर कळलं, तेव्हा ते आठवडाभर हसत होते. त्या दिवशी मात्र त्यांनी फक्त मान हलवली आणि काकीला खूण केली. काकी मला टोपलीपाशी घेऊन गेली. कोंबडी नुकतीच उठली होती. "घे, लाजतो काय? नवरी आहे का ती?" काकी म्हणाली. मी अंडं उचललं आणि जवळजवळ टाकलंच, कारण ते गरम होतं. नेमकं अंगाइतकं गरम. लांबी, जाडी, सगळं मी मनात तयार ठेवलं होतं; याची तयारी नव्हती. ते मी मुठीत धरून किती वेळ उभा होतो ते मला सांगता येत नाही. माझ्या आयुष्यातल्या ज्या थोड्या वेळा मी मोजल्या नाहीत, त्यांतली ती एक. आई गेल्यापासून हाताला गरम असं काही लागलं नव्हतं, चहाचा कप सोडून.

चौथा तुकडा मी डोळे मिटून नाही, पण साचा न लावता कातला. एका बाजूला जरासा चपटेपणा राहिला. मिस्त्रींनी फळीवर धक्का दिला. ते गेलं, वळलं, पुरता अर्धगोल न घेता थांबलं.

"लंगडतो थोडा," मिस्त्री म्हणाले. "पण घरी येतो. कोंबडीला काय कळतं? राहा."

मी दीडच्या सुमाराला घरी आलो. आत्याने बंब पेटवला होता. त्या घरात दुपारी बंब पेटलेला मी तोवर पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही. तिने न्हाणीत गरम पाण्याची बादली भरून ठेवली होती, कपडे दारावर टाकले होते. मी आत गेलो, दार ओढलं. बाहेर तिच्या पायांचा आवाज झाला आणि ती तिथेच थांबली. पत्र्याच्या दाराखालून तिची पावलं दिसत होती.

"राहू दिलं का केशवने?"

"हो."

"बरं झालं." मी दोन तांबे अंगावर घेतले. मग ती म्हणाली, "अंडं गरम होतं का रे?"

"हो. मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं. पहिल्या दिवशी दचकले होते. नंतर बरं वाटायचं. पौषातली थंडी, पायात काही नाही, आणि ओच्यात तेवढं एक गरम." दाराखालची पावलं जरा सरकली. "घरी आलं की मात्र लगेच न्हावं लागायचं. आई म्हणायची, शिवलीस ना, न्हा. गार पाण्याने. बंब पेटवला असता तर तात्यांनी विचारलं असतं."

"चाळीसही दिवस?"

"एकेचाळीस," आत्या म्हणाली. "एक वाटेत फुटलं होतं."